एकाच ताग्याचे दोन परकर

वाघमारे सर नववीच्या वर्गावर पहिल्यांदा आले ते युरियाची गोणी खांद्यावर टाकून. आम्हाला वाटलं, गडी शेतातून तसाच शाळेत आलाय. त्यांनी गोणी टेबलावर उपडी केली आणि आतून खळखळत हाडं पडली, पांढरी, पिवळट, काही बोटाएवढी, काही हातभर. पोरी मागं सरकल्या, पोरं पुढं. सरांनी त्यातलं एक लांबोडकं हाड उचललं आणि विचारलं की हे कुणाचं, त्याचं वय किती होतं आणि त्याचं काय झालं, एवढं सांगा, पुस्तक मग उघडू. शाळा म्हणजे पत्र्याचं शेड. दुपार झाली की पत्रा तापून कडकड वाजायचा आणि वारा सुटला की शिकवणाऱ्याचा शब्द ऐकू यायचा नाही. त्या दिवशी वारा होता तरी सगळ्या वर्गानं शब्द न् शब्द ऐकला. हाडं बोकडाची होती, बाजारच्या खाटकाकडून आणलेली, चुन्याच्या पाण्यात उकळून वाळवलेली. पण ते सरांनी तास संपताना सांगितलं, आणि तोवर आमच्यातल्या निम्म्याजणांनी मनात भलतंच काही धरून ठेवलं होतं. आमच्या गावात तेव्हा हाड म्हटल्यावर कुणाच्या मनात बोकड येत नव्हता.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, लोहाऱ्याच्या वाटेवर. भूकंपात जुनं गाव बसलं आणि सरकारनं माळावर नवं बांधून दिलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येकाच्या दारावर नंबर. सुरुवातीला माणसं दुसऱ्याच्या घरात शिरायची आणि चूल उलटीकडं दिसली की ओशाळून बाहेर यायची. घर पक्कं होतं, तरी आत कुणी निजत नव्हतं. तीन वर्षं झाली तरी बाजा अंगणातच. आई फडताळावर तांब्यावर तांब्या आणि त्यावर फुलपात्र असा मनोरा रचून ठेवायची, जमीन हलली तर आधी भांडी वाजावीत म्हणून. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला तरी ती वाजायची. मग आम्ही तिघंही, आई, अण्णा आणि मी, हातातलं काम सोडून अंगणात जाऊन उभे राहायचो आणि ट्रॅक्टर गेल्यावर एकमेकांकडं न बघता परत आत यायचो. आजही माझ्या स्वयंपाकघरात मी भांड्यावर भांडं ठेवत नाही. लेक म्हणते, आई, जागा किती जाते. जाऊ दे म्हणते मी.

आईचा पाय भूकंपात मांडीत मोडला तो सोलापूरच्या दवाखान्यात जोडला, पण ती काठी घेऊनच चालायची. अण्णा आधीपासूनच कमी बोलणारे, नंतर आणखीनच कमी बोलायला लागले. आणि शेजारी गयामावशी. जुन्या गावात आमची आणि तिची भिंत एक होती आणि त्या भिंतीत एक दार होतं. विरजण, विस्तव, उसनं पीठ, सगळं त्या दारानं यायचं जायचं. नव्या गावात तिला घर मिळालं पार दुसऱ्या टोकाला. तिनं कुणाकुणाच्या विनवण्या करून ते बदलून आमच्या शेजारचं घेतलं. म्हणाली, वैनी, भिंत न्हाय तर न्हाय, हाक तरी ऐकू यावी.

तिच्या नवऱ्याला भूकंपानं नेलं आणि तिची मंगल सापडली नाही. सापडली नाही म्हणजे जिवंत नाही आणि मेलेली पण नाही. त्या रात्री मावशी गावातच नव्हती. भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी, ईटला गेली होती. परत आली तोवर नवऱ्याला अग्नी देऊन झाला होता आणि लोक सांगत होते की जखमी पोरं लष्करानं ट्रकमधनं सोलापूरला, पुण्याला नेली, त्यातली काही नाव सुद्धा सांगू शकत नव्हती. मावशीनं ते धरून ठेवलं. दवाखाने झाले, अनाथाश्रम झाले, कुठं पोरगी दिसली असं कुणी सांगितलं की ती एस्टीत बसायची. आणि रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की पहिलं ताट मंगलचं वाढायची, त्यावर दुरडी पालथी घालायची आणि सकाळी ते गाईला घालायची. मला लहानपणी त्या दुरडीची भीती वाटायची. सांजेला त्यांच्याकडं विस्तव आणायला गेले की वाटायचं, दुरडी उचलली जाईल आणि खाली ताट रिकामं असेल.

आमच्या घरात अशी वाट बघणं नव्हतं, कारण आमची आक्का सापडली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण रेखा. ती आणि मंगल एका वयाच्या, एका वर्गातल्या, एका वेणीला दोघींचे हात. त्या साली गणपतीला आईनं आणि गयामावशीनं मिळून बाजारातून एकाच ताग्यातलं कापड घेतलं होतं, केशरी, त्यावर पांढरी बारीक फुलं. आमच्याकडं पद्धतच होती तशी. दोन घरांनी मिळून घेतलं की स्वस्त पडायचं आणि शिंप्याकडं एकच खेप व्हायची. दोघींना सारखे परकर शिवले. गणपती बुडवून दोघी उशिरा आल्या. मी आणि अण्णा उकडतंय म्हणून बाहेर बैलगाडीत निजलेलो, म्हणून आम्ही राहिलो. आई आत होती, तिला दिवस वर आल्यावर काढली. आणि आईच्या जरा पलीकडं, तुळईखाली केशरी परकर दिसला. तोंड ओळखण्यासारखं नव्हतं. आमचं घर, आमच्या आक्काचा परकर, आमच्या आक्काएवढी पोरगी. अण्णांनी दुसरा विचार कशाला करायचा? आईला तेव्हा शुद्ध नव्हती, तिला ट्रकात घातलं होतं. दुपारी अण्णांनी अग्नी दिला आणि मी तांब्या धरून शेजारी उभी होते. एवढं मी सगळ्यांना सांगत आले.

सरांच्या तासाची मात्र आम्ही वाट बघायला लागलो. पेशी, ऊती, संस्था हे सगळं पुस्तकात होतं तसंच त्यांनी शिकवलं, पण दरवेळी वाट वेगळी. शिपाईमामांनी कंदिलाच्या काचेवरची काजळी कागदावर झाडून ठेवली होती, ती मऊ कुंचल्यानं पेल्यावर फिरवून सरांनी बोटांचे ठसे उठवले आणि प्रत्येकाचे ठसे वहीत घ्यायला लावले. मग कपाटातले शेंगदाण्याचे लाडू कोण खातंय याचा तपास लागला. बरणीवरचे ठसे मुख्याध्यापकांचे निघाले. सर गंभीर तोंडानं म्हणाले की पुरावा अपुरा आहे, आणि आम्ही आठवडाभर हसत होतो. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली त्यांनी माझा केस, म्हशीचा केस आणि लोकरीचा धागा दाखवला. मेलेली कोंबडी जाळीखाली ठेवून माश्यांची अंडी, अळ्या, कोष असं रोज बघायला लावलं आणि कोंबडी कधी मेली ते अळीवरून काढायला सांगितलं. वास असा की शेजारच्या वर्गानं तक्रार केली. वनस्पतींचं प्रकरण आलं तेव्हा ते म्हणाले की माती हलली, तिच्यात काही पुरलं गेलं, की वरचं हिरवं बदलतं, उगाच एखाद्या जागी दाट दिसलं तर का म्हणून विचारा. मी लगेच हात वर केला. जुन्या गावात गयामावशीच्या घराच्या ढिगाऱ्यावर दर पावसाळ्यात ज्वारी उगवायची, ते मी सांगितलं. पडक्या दगडांतून पुरुषभर धाटं, टपोरी कणसं, आणि कापायला कुणी जायचं नाही, पाखरंच खायची. सर म्हणाले, तिथं बळद असणार. होतंच. भिंतीतच बांधलेली धान्याची कोठी, वरून भरायची आणि खालून काढायची. भिंत फुटली तशी ज्वारी दगडांत सांडली. सगळ्यांचं समाधान झालं, माझंही.

आता मी स्वतः धाराशिवला शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझीही एक गोणी आहे. हल्लीच्या पोरांनी मोबाइलवर खुनाचे तपास इतके पाहिलेत की हाड दिसलं की आधी विचारतात, मॅडम, खुनी कोण? मी म्हणते, बाबांनो, आधी बोकड की शेळी ते तर सांगा.

सर मूळचे ढोकीचे. वडील साखर कारखान्यात होते. तपासाच्या शास्त्रात पुढं शिकायचं त्यांच्या मनात होतं, पण घरची परिस्थिती नव्हती, म्हणून मास्तर झाले. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी एकदाच सांगितली. भूकंप झाला तेव्हा ते कॉलेजात होते आणि मित्रांबरोबर मदतीला आमच्याच भागात आले होते, माणसं उचलायला. म्हणाले, आम्ही विचारायचो, हे कोण? तर लोक लुगड्याकडं बघून सांगायचे, धोतराकडं बघून सांगायचे. घाई होती, पाऊस होता, चूक म्हणता येत नाही. पण मला तेव्हापासून वाटतं की माणसाला माणूस म्हणून ओळखायचं शिकवलं पाहिजे. हे बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. त्या वर्गात असं एक घर नव्हतं ज्यानं कुणाला कपड्यावरून ओळखलं नव्हतं.

मग हाड जोडण्याचा तास आला. सरांनी शेळीची एक तंगडी आणली होती, पूर्वी कधीतरी मोडून आपोआप जुळलेली. त्यावर मधोमध एक गाठ होती. सरांनी ती सगळ्यांच्या हातात फिरवली. सांगितलं, मोडलेलं हाड जुळतं तिथं नवं हाड जास्तीचं येतं, नीट बसवलं तर गाठ बारीक राहते, वाकडं बसलं तर माणूस म्हातारा होऊन मेला तरी ती खूण जात नाही. गाठ माझ्या बोटाखाली आली आणि मला एकदम आक्काचा हात आठवला. मी उभी राहिले आणि बोलत सुटले. आक्का चिंचेवरून पडली होती, डावा हात मनगटाच्या वर मोडला होता. आई शेतात होती म्हणून गयामावशीनंच तिला हाडवैद्याकडं नेलं, त्यानं हात ओढला तेव्हा मावशीनं खांद्याला धरून ठेवलं. हात जुळला तो बाहेरच्या बाजूला वाकडाच. आक्का माझी वेणी घालायची तेव्हा तो वाकडा हात माझ्या मानेला लागायचा आणि मी गाठीवरून बोट फिरवायचे. मी पहिल्यांदाच शाळेत आक्काविषयी बोलत होते. मी तेव्हा चौदा वर्षांची, म्हणजे आक्का गेली तेव्हा होती तेवढीच, आणि ते सुद्धा मी बोलून टाकलं. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, बस बेटा, चांगलं निरीक्षण आहे.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला जुन्या गावाचे दगड उचलायला सुरुवात झाली. जुन्या घराचा दगड नव्या घराला लावायचा नाही असं आमच्याकडं सगळेच पाळत होते, पण शेताच्या बांधाला चालायचा. गयामावशीच्या पडक्या भिंतीचे दगड भरताना ट्रॅक्टरवाल्याला बळदाच्या तळाशी, कुजलेल्या ज्वारीत, केशरी कापड दिसलं. बातमी शाळेत आली तेव्हा सरांचाच तास चालू होता. पोलीस पाटलांनी त्यांना बोलावणं धाडलं होतं, कारण हाडांचे मास्तर म्हणून गावात त्यांचं नाव झालेलं. सर मला म्हणाले, तू येऊ नकोस. मी गेलेच.

निम्मं गाव गोळा झालेलं होतं. मातीच्या ढिगाच्या कडेला एक पांढरं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर हाडं काढून ठेवत होते. मी बोकडाची हाडं इतकी बघितली होती, तरी कडेलाच थांबले. कापड विरलं होतं पण फुलं दिसत होती. बायका रडत होत्या, मंगल गं, मंगल गं, म्हणून. मावशीच्या घरातलं बळद, मंगलचा परकर. लोकांच्या मनात शंकाच नव्हती. मावशी सगळ्यांत पुढं बसली होती आणि रडत नव्हती. माझी आई मागं, काठीवर भार देऊन, दोन बायकांच्या मधे उभी होती. सर गुडघे टेकून बसले. हळू आवाजात पाटलांना सांगितलं की मुलगी आहे, हाडांच्या टोकांच्या टोप्या अजून जुळलेल्या नाहीत, म्हणजे चौदा-पंधराची. पाटील म्हणाले, बरोबर, तेवढीच होती. मग सरांनी डावा हात उचलला आणि तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

मी जिथं उभी होते तिथून मला ती गाठ दिसली. बाहेरच्या बाजूला वाकलेलं हाड आणि त्यावर ती गाठ. मला मानेवर तिचा स्पर्श झाला, खरंच झाला, मी मान झटकली. सरांनी वर बघितलं ते थेट माझ्याकडं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनाही दुसरं काही सुचलं नसेल, वर्गातली सवय तोंडातून बाहेर पडली. त्यांनी विचारलं, "मंगलचा हात कधी मोडला होता का?"

गयामावशीनं हात पुढं करून ते हाड सरांकडून घेतलं. बोटांनी गाठ चाचपली, जशी मी चाचपायचे तशीच. तो हात तिनं स्वतः धरला होता. तिला सांगायला कुणी नको होतं. आणि एवढ्या वेळात तिला बाकीचंही सगळं कळलं असणार. कोण कुठल्या घरी निजेल याचा दोघींचा कधी नेम नसायचा. ही जर रेखा आहे, मधल्या दारानं त्या रात्री मावशीच्या घरी जाऊन निजलेली रेखा आहे, तर मंगल आमच्याकडं निजली होती. म्हणजे तुळईखाली सापडली ती मंगल. म्हणजे तीन वर्षं ती दवाखाने हिंडत होती, ताट वाढत होती, आणि पोरगी पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या हातून जळून गेली होती. तिनं मान वळवून मागं माझ्या आईकडं बघितलं. पदर नीट केला.

"व्हय," ती म्हणाली. "मोडला व्हता. चिंचवरनं पडली व्हती. ही माझीच मंगल हाय."

सरांनी खाली बघितलं आणि धोतराचं टोक हाडांवर ओढलं. मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. माझ्या डोक्यात एकच होतं की आईला कळता कामा नये. आई तीन वर्षांनी कुठं रात्री झोपायला लागली होती. तिच्या पोरीचं सगळं रीतसर झालं एवढाच तिला आधार होता, आणि तो मोडला तर ती जगणार नाही असं मला त्या वयात अगदी नक्की वाटत होतं. मी मागं वळून बघितलं. आईचा चेहरा दगडासारखा होता. तिला हाड दिसलं नाही, ती लांब आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

पंचनामा झाला, पाटलांनी सह्या घेतल्या. ईटहून मावशीचा भाऊ आला, अग्नी द्यायला तयार होऊन, आंघोळ करून. मावशीनं त्याला बाजूला केलं आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, तुमी द्या. तुमच्या अंगाखांद्यावर वाढली ती." भाऊ रागावला, चारचौघात हा मान कुणाचा म्हणाला. मावशी ऐकेना. अण्णांना काही कळलं की नाही देव जाणे. त्यांनी पटका काढून खांद्यावर टाकला आणि पुढं झाले. आक्काला तिच्या बापानंच अग्नी दिला, आणि ते गयामावशीनं घडवून आणलं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं आणि रडू येत नव्हतं. त्या संध्याकाळी मावशीनं मंगलचं ताट वाढलं नाही. दुरडी तिनं दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आणून ठेवली, वैनी, भाकरीला वापरा, म्हणाली.

पुढच्या तासाला सर आले ते पुस्तक घेऊन. फळा पुसला, सुबक अक्षरात व्याख्या लिहिल्या, आम्ही उतरवून घेतल्या. गोणी परत आली नाही. पोरांनी विचारलं तर म्हणाले, अभ्यासक्रम मागं पडलाय. वर्षअखेरीला त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळे पाया पडत होते, मीही पडले, तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "शालन, तो प्रश्न मी सगळ्यांच्या देखत विचारायला नको होता." मी म्हणाले, सर, उत्तर तर मिळालं ना. मी आज त्यांच्यासारखंच शिकवते, ठसे, केस, अळ्या, सगळं, पण हाडावरची गाठ दाखवली की तिथं थांबते. कुणाच्या घरी असं कुणी होतं का, हे मी पोरांना कधी विचारत नाही. एखादं पोरगं हात वर करतं तेव्हा मी घाईनं पुढचं हाड उचलते.

त्यानंतर आमच्याकडं एक गोष्ट सुरू झाली. गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात घरोघर गेलेल्यांसाठी स्वयंपाक होतो. त्या आधी आई दरवर्षी त्या दिवशी धपाटे करायची, कारण आक्काचा जीव धपाट्यावर. तिखटजाळ, वर लोण्याचा गोळा. गोड तिला चालायचं नाही. मंगलचं उलट. ती आमच्याकडं हुग्गी केली की हक्कानं पातेल्यापाशी बसायची. गहू भिजवून, कांडून, सालं काढून, गुळात शिजवायचे, सुंठ, खोबरं घालायचं, असा दिवसभराचा कुटाणा. आक्का तोंड वाकडं करायची, तिला ते गिळगिळीत लागायचं, आणि तिची वाटीही मंगलच संपवायची.

हाडं सापडली त्या साली तो दिवस आला तेव्हा आई सकाळपासून उखळात गहू कांडत होती. पाय असा, तरी. मी म्हणाले, धपाट्याचं पीठ मळू का? म्हणाली, राहू दे. दुपारी तिनं हुग्गीचं ताट वाढलं, देवापुढं ठेवलं आणि मग गयामावशीकडं घेऊन निघाली. तेवढ्यात मावशी समोरून येत होती, हातात झाकलेलं ताट. मी उघडून बघितलं तर धपाटे, वर लोणी. आमच्या दारात त्या दोघींनी एकमेकींच्या हातातली ताटं घेतली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला कळलं की आईला सगळं माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तिला ते हाड दिसलं होतं, किंवा मावशीनं खोटं सांगितलं तेव्हाच तिला कळलं होतं; चिंचेवरून कोण पडलं होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि मी वेडी, तिला कळू नये म्हणून श्वास रोखून जगत होते. त्या दिवशी मी परसात जाऊन मोकळी रडले. मग घरात येऊन आक्काचे धपाटे खाल्ले. तसे धपाटे आईला कधीच जमले नाहीत, हे आता सांगायला हरकत नाही.

असं दरवर्षी चाललं. अण्णा गेले, माझं लग्न झालं, मी धाराशिवला आले, पण त्या दिवशी मी गावी जायचेच. दोघींनी तोंडानं एक अक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. गेल्या साली पावसाळ्याआधी आई गेली.

तो दिवस आला तेव्हा मी एकटीच गावच्या घरात होते. गहू मिक्सरमधून काढले, उखळ आता कुणाला झेपतंय. हुग्गी केली, ताट वाढलं आणि मावशीकडं निघाले. मावशी ओट्यावर बसली होती. नजर गेलीय, कमरेत वाकलीय, पण ईटहून येऊन तिच्यापाशी राहिलेल्या भाच्याच्या बायकोकडून धपाटे थापून घेऊन ताट झाकून तयार ठेवलं होतं. मी तिच्या हातात वाटी दिली. तिनं बोटानं चाटून बघितली.

"गूळ कमी पडलाय," म्हणाली. "तुझी आई सढळ हातानं घालायची."

मग ती वाटी मांडीवर घेऊन बसली. भाच्याची बायको आत गेलेली. समोरच्या रस्त्यानं मोटारसायकली चालल्या होत्या. ती म्हणाली, "शालन, तवा सरणापाशी तू व्हतीस नव्हं?"

मी म्हणाले, "होते, मावशी."

"माझ्या मंगलला कसं न्हेलं गं? म्या कुणालाच इचारलं न्हाय. कुणाला इचारणार?"

तीस वर्षं झाली होती. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. सगळीकडं एका सरणावर चार-चार जण ठेवत होते, पण अण्णांनी ऐकलं नाही. माझ्या पोरीला एकटीला, म्हणाले. पाऊस होता, लाकूड ओलं होतं, म्हणून माळवदाच्या आतली कोरडी तुळई ओढून काढली. डोक्याचा पटका सोडून तिच्यावर पांघरला, तोंडापासून पायापर्यंत. परकर चुरगळला होता तो हातानं सारखा केला.

"तोंडात पाणी?"

"घातलं. तांब्या माझ्याच हातात होता. अण्णांनी बोटानं सोडलं, तीनदा."

ती ऐकत होती, मान हलवत होती. मग विचारलं, "कशावर निजवली?"

"दारावर. आपल्या मधल्या दारावर. तेवढंच एक अखंड निघालं होतं."

"त्याच दारानं जायच्या यायच्या दोघी," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. थोड्या वेळानं तिनं वाटी चाचपून हातात घेतली आणि सावकाश सगळी हुग्गी खाल्ली. वाटी बोटानं निपटली. मग ती माझ्यापुढं धरून म्हणाली, "आणिक हाय का गं? रेखाच्या वाटणीची सुदिक तीच खायाची."

मी घरी जाऊन पातेलंच घेऊन आले.